ग्वायक, फिट की डीएनए? शौचातल्या रक्ताची कोणती चाचणी करावी

प्रश्न थोडक्यात असा: वय ५२, कसलाही त्रास नाही, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचाची तपासणी करून घ्यायची आहे. ग्वायक, फिट आणि डीएनए असे तीन प्रकार समोर आहेत. एका लॅबच्या कागदावर पॉझिटिव्हची मर्यादा १०० लिहिली आहे, दुसरीच्या कागदावर २०. यातली जास्त अचूक कोणती, आणि एक पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या प्रकारची करून खात्री करून घ्यावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होताना दिसतं. नाही, दुसरी करू नका. पॉझिटिव्ह आली की पुढची पायरी एकच, कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचिक नळी घालून मोठं आतडं आतून बघणं. आतड्यातली गाठ किंवा मोठा पॉलिप (अस्तरावर वाढलेला मांसल कोंब, ज्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) रोज सारखंच रक्त गाळत नाही. आज गळतं, चार दिवस थांबतं, पुन्हा गळतं. जे गळतं तेही शौचात सगळीकडे सारखं मिसळत नाही. म्हणून दुसरी चाचणी निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ इतकाच, की त्या दिवशीच्या, त्या कोपऱ्यातल्या नमुन्यात रक्त कमी होतं. पहिल्या दिवशी सापडलेलं रक्त त्यामुळे खोटं ठरत नाही. माझ्याकडे पेशंट दोन रिपोर्ट घेऊन येतात, एक पॉझिटिव्ह आणि महिनाभराने केलेला एक निगेटिव्ह, आणि दुसरा वर ठेवून विचारतात, "आता गरज नाही ना?" गरज तेवढीच असते.

आता चाचण्यांकडे वळू. ग्वायक सगळ्यात जुनी. ग्वायक नावाच्या झाडाची राळ लावलेला कागद एका कार्डात बसवलेला असतो. लाकडी काडीने शौचाचा पातळ थर त्यावर पुसायचा, वाळू द्यायचा, आणि लॅबमध्ये त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकायचे. रक्तातला हीम हा भाग पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन राळेपर्यंत पोचवतो आणि कागद निळा होतो. हा रंग मिनिटभरात बघावा लागतो, नंतर तो फिका पडतो. कडेला नुसती निळसर झाक आली तर ती पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे बघणाऱ्यावर अवलंबून. तीन वेगवेगळ्या दिवसांच्या शौचाचे प्रत्येकी दोन, असे सहा नमुने द्यायचे ही तिची मूळ पद्धत.

तिची अडचण अशी की कागदाला रक्त कुणाचं आणि कुठलं ते कळत नाही. खाल्लेल्या लाल मांसातलं हीम चालतं, जठरातल्या व्रणाचं रक्त चालतं, कच्चा मुळा किंवा सलगम यांच्यातली पेरॉक्सिडेजसारखी द्रव्यंही चालतात. उलट, दिवसाला २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी घेतलं तर ते ही रासायनिक क्रियाच दाबतं आणि रक्त असूनही कागद पांढरा राहतो. त्यामुळे आधी तीन दिवस पथ्य आणि मग तीन दिवस नमुने. सांगितलं तसं सगळं करणारे थोडेच.

तरीही तिला हसू नका. शौच तपासून कॅन्सरचे मृत्यू कमी होतात हे ज्या मोठ्या चाचण्यांनी सिद्ध केलं, त्या सगळ्या ग्वायकवरच झाल्या. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये ४६,५५१ लोकांवरचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दरवर्षी तपासणी झालेल्या गटात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने होणारे मृत्यू १३ वर्षांत ३३ टक्क्यांनी कमी झाले होते. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा आणि डेन्मार्कमधल्या फ्यून बेटाचा असे दोन अभ्यास १९९६ साली आले. तिथे तपासणी दोन वर्षांतून एकदा होती आणि घट अनुक्रमे १५ आणि १८ टक्के निघाली.

हा आकड्यांमधला फरक कुठून आला? थोडा दरवर्षी आणि वर्षाआड यातला आहे. पण मिनेसोटामध्ये आणखी एक गोष्ट झाली. तिथे बहुतेक कार्डांवर पेरॉक्साइडच्या आधी पाण्याचा एक थेंब टाकत. तेवढ्याने वाळलेला थर पुन्हा ओला होऊन क्रिया जोरात होई. पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर गेलं. कॅन्सर पकडण्याची क्षमता सुमारे ८१ वरून ९२ टक्क्यांवर चढली, आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याची क्षमता जवळपास ९८ वरून ९० वर उतरली. तोच कागद, तेच शौच, फक्त पाण्याचा एक थेंब! "अचूक कोणती" या प्रश्नाचं उत्तर मी एका ओळीत का देत नाही, ते इथे लक्षात येईल. चाचणी किती संवेदनशील ठेवायची हे माणूस ठरवतो, आणि एक बाजू वर नेली की दुसरी खाली येते.

फिट म्हणजे प्रतिपिंडांवर (अँटीबॉडींवर) चालणारी चाचणी. यातलं प्रतिपिंड मानवी हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिन या प्रथिनालाच चिकटतं. मांसातलं रक्त, मुळा, व्हिटॅमिन सी यांचा संबंध संपला. शिवाय जठरातून किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून आलेल्या रक्तातलं ग्लोबिन वाटेत पाचकरसांनी बरंचसं तुटून जातं. म्हणजे फिटला जे सापडतं ते बहुतांशी मोठ्या आतड्यातलंच असतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. बहुतेक ठिकाणी एकच नमुना लागतो. जपानमध्ये १९९२ पासून ही चाचणी देशपातळीवर चालू आहे, तिथे दोन दिवसांचे दोन नमुने घेतात.

पथ्य नाही आणि नमुनाही एकच, याचा परिणाम किती होतो? नेदरलँड्समध्ये २०,६२३ लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागून एका गटाला ग्वायक आणि दुसऱ्याला फिट पाठवली होती. ग्वायक ४६.९ टक्के लोकांनी परत पाठवली, फिट ५९.६ टक्क्यांनी. पॉझिटिव्हचं प्रमाण अनुक्रमे २.४ आणि ५.५ टक्के. माझ्या मते ग्वायकचा निकाल तिथेच लागला. कपाटात पडून राहिलेलं किट कुणाचाच कॅन्सर पकडत नाही. स्कॉटलंडने २०१७ मध्ये आणि इंग्लंडने २०१९ मध्ये आपल्या सरकारी तपासणीत ग्वायक बंद करून फिट आणली. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला ग्वायक सुचवायचं मला काही कारण दिसत नाही.

आता १०० आणि २० चा घोळ. हे दोन्ही आकडे बहुधा एकच आहेत. काही लॅब नळीतल्या द्रावणात किती हिमोग्लोबिन आहे ते नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये लिहितात. काही लॅब शौचाच्या एका ग्रॅममागे किती मायक्रोग्रॅम ते लिहितात. एका प्रचलित यंत्राच्या नळीत २ मिलिलिटर द्रावण असतं आणि काडीला १० मिलिग्रॅम शौच लागतं. द्रावणात १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे नळीत एकूण २०० नॅनोग्रॅम. ते १० मिलिग्रॅम शौचातून आले, म्हणजे एका मिलिग्रॅममागे २० नॅनोग्रॅम, अर्थात एका ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम. दुसऱ्या कंपनीच्या नळीत द्रावण आणि शौच यांचं प्रमाण वेगळं असेल तर १०० चे २० होणार नाहीत. म्हणून तुलना करायची तर मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅममध्येच करा. लॅब तो आकडा देत नसेल तर मागून घ्या.

मर्यादा कुठे ठेवायची हा मात्र खरा वादाचा विषय. अमेरिकेत सर्रास २० धरतात. नेदरलँड्सने २०१४ साली १५ पासून सुरुवात केली. पॉझिटिव्ह अपेक्षेपेक्षा इतके जास्त आले की कोलोनोस्कोपीच्या रांगा लागल्या, आणि त्याच वर्षी मर्यादा ४७ केली गेली. स्कॉटलंडने ८० ठरवली, इंग्लंडने सुरुवात १२० ने केली. समजा तुमच्या शौचात ६० मायक्रोग्रॅम सापडले. अमेरिकेत किंवा नेदरलँड्समध्ये तुम्हाला कोलोनोस्कोपीची तारीख मिळाली असती. स्कॉटलंडमध्ये "पुढची कृती नको" असं पत्र घरी आलं असतं. आतडं तेच, रक्त तेवढंच. मोठ्या मर्यादा ठेवणारे देश चुकीचं वागत होते असं नाही. त्यांच्याकडे वर्षाला जितक्या कोलोनोस्कोपी होऊ शकतात तितक्याच पॉझिटिव्ह निघाव्यात असा तो हिशेब होता. पण तुम्ही स्वतःहून, एकट्याने तपासणी करून घेत असाल तर हा हिशेब तुमचा नाही. तुम्ही २० च्या आसपासची मर्यादा धरा, आणि रिपोर्टवर फक्त "पॉझिटिव्ह" किंवा "निगेटिव्ह" न घेता आकडा घ्या. आकडा जितका मोठा, तितकी काहीतरी गंभीर सापडण्याची शक्यता जास्त. २२ आणि ४०० दोन्ही पॉझिटिव्ह आहेत, पण ४०० वाल्याला मी त्याच आठवड्यात बोलावतो.

याच कारणाने दोन रेघांच्या घरगुती पट्ट्या मला फारशा आवडत नाहीत. त्याही प्रतिपिंडांवरच चालतात, पण मर्यादा पट्टीत बंदिस्त असते आणि प्रत्येक कंपनीची वेगळी. दुसरी रेघ पुसट आली तर ती आहे की नाही यावर घरात चर्चा रंगते. (पुसट रेघ ही रेघच असते.) काहीच न करण्यापेक्षा पट्टी बरी, एवढंच म्हणेन.

फिट किती पकडते? अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली काढलेला अंदाज असा, की एका चाचणीत १०० पैकी सुमारे ७९ कॅन्सर सापडतात आणि कॅन्सर नसलेल्या १०० पैकी ९४ जणांना निगेटिव्ह येते. हे एका खेपेचं झालं. मोठ्या पॉलिपच्या बाबतीत ती बरीच कच्ची आहे. डीएनए चाचणीशी थेट तुलना झाली तेव्हाचे आकडे बोलके आहेत.

डीएनए चाचणी म्हणजे खरं तर फिट अधिक काहीतरी. आतड्याच्या अस्तरातून झडणाऱ्या पेशींमधले कॅन्सरशी निगडित डीएनएचे बदल ती शोधते आणि सोबत हिमोग्लोबिनही मोजते. काडीभर नमुना पुरत नाही, संपूर्ण शौच डब्यात भरून पाठवावं लागतं. २०१४ च्या अमेरिकी अभ्यासात सुमारे दहा हजार लोकांनी डीएनए चाचणी, फिट आणि कोलोनोस्कोपी तिन्ही करून घेतल्या. कोलोनोस्कोपीत ६५ कॅन्सर निघाले. डीएनए चाचणीने त्यातले ६० पकडले होते, फिटने ४८. कॅन्सरच्या वाटेवर असलेल्या ७५७ मोठ्या गाठींपैकी डीएनएने ३२१ पकडल्या आणि फिटने १८०. इथवर वाचून डीएनए चाचणी करावीशी वाटेल. पण ज्यांच्या आतड्यात तसं काही नव्हतं, त्यांच्यात डीएनए चाचणीने १०० पैकी १३ जणांना विनाकारण पॉझिटिव्ह सांगितलं, फिटने ५ जणांना. २०२४ मध्ये आलेल्या तिच्या सुधारित रूपात हे खोटे पॉझिटिव्ह कमी झाले आहेत, तरी फिटइतके नाहीत.

आणि तुलना एका खेपेची आहे हे विसरू नका. डीएनए चाचणी तीन वर्षांतून एकदा करतात, फिट दरवर्षी किंवा वर्षाआड. तीन वर्षांत फिटला दोन-तीन संधी मिळतात. इथे काही जण गुणाकार करून दाखवतात, की एका वेळी २१ टक्के निसटतात तर दोन वेळा मिळून फक्त ४ टक्के निसटतील. तसं होत नाही. जो पॉलिप मुळात रक्तच गाळत नाही, तो यंदाही निसटतो आणि पुढच्या वर्षीही. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला सपाट, करवतीसारख्या कडांच्या पेशीरचनेच्या काही गाठी असतात. त्या या बाबतीत बदनाम आहेत. पण सामान्य पॉलिप वाढत वाढत गळू लागतो, आणि कॅन्सर होण्याआधी त्याच्याकडे सहसा बरीच वर्षं असतात. म्हणून चुकलेली एक खेप सहसा भरून निघते, अट एवढीच की पुढच्या वर्षी किट खरंच वापरलं गेलं पाहिजे.

मग थेट कोलोनोस्कोपीच का नको, असं डॉक्टर मित्रही विचारतात. ज्याला करायची आहे त्याने जरूर करावी. पण स्पेनमध्ये ५७ हजारांवर लोकांना एका बाजूला कोलोनोस्कोपी आणि दुसऱ्या बाजूला वर्षाआड फिट असं निमंत्रण दिलं गेलं. दहा वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२५ मध्ये आला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने होणारे मृत्यू पहिल्या गटात ०.२२ टक्के, दुसऱ्यात ०.२४ टक्के, फिट कोलोनोस्कोपीपेक्षा कमी पडली नाही. कारण फिटच्या गटात तपासणीला तयार होणारे लोक जास्त होते. रोज कोलोनोस्कोपी करणारा माणूस हे लिहितोय, तेव्हा त्यात माझा स्वार्थ नाही हे मान्य कराल.

नमुना घेण्याबद्दल चार शब्द, कारण चांगली चाचणी इथेच बिघडते. शौच कमोडच्या पाण्यात पडू देऊ नका; कागद पसरून किंवा कोरड्या भांड्यात घ्या. पाण्यात रक्त विरघळून जातं. नळीच्या काडीला टोकाशी बारीक खाचा असतात. ती एकाच जागी खुपसू नका, शौचाच्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या ठिकाणी ओढा. खाचा भरल्या की पुरे. नळीच्या तोंडाशी असलेली अरुंद कड जादाचं निपटून काढते, त्यामुळे जास्त शौच भरल्याने चाचणी जास्त चांगली होते हा गैरसमज आहे. उलट काडी चिखलासारखी लडबडली तर द्रावण घट्ट होऊन नमुना बाद होतो. एकदा नळीत घातलेली काडी पुन्हा बाहेर काढू नका. तारीख लिहा. तारीख नाही म्हणून टाकून दिलेले नमुने प्रत्येक लॅबमध्ये असतात.

तारखेला इतकं महत्त्व का, तर ग्लोबिन उष्णतेने आणि वेळेने तुटतं. नळीतलं द्रावण त्याला काही दिवस सांभाळतं, कायमचं नाही. इटलीत हजारो नमुन्यांचा हिशेब केला तेव्हा उन्हाळ्यात पॉझिटिव्हचं प्रमाण आणि सापडणारे कॅन्सर दोन्ही कमी निघाले. नमुना घेतल्यावर तो उन्हात, गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका. लगेच देता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि किटवर लिहिलेल्या मुदतीत पोचवा. फिटमधला हा खरा कच्चा दुवा आहे. त्यात चूक झाली की ती नेहमी खोट्या निगेटिव्हच्या बाजूने होते.

मासिक पाळी चालू असताना नमुना देऊ नये. मूळव्याधीतून त्या दिवशी रक्त पडत असेल तर थांबावं. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधं फिटसाठी बंद करायची गरज नाही आणि स्वतःच्या मनाने तर ती मुळीच बंद करू नयेत. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं, फिट पॉझिटिव्ह होत नाही. आणि चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर "मला मूळव्याध आहे, त्याचंच असेल" हे स्पष्टीकरण कोलोनोस्कोपी होईपर्यंत बाजूला ठेवा. मूळव्याध इतकी सर्वत्र आहे की ती असलेल्याला कॅन्सरही असू शकतो.

एक पद्धत मात्र ठामपणे नाकारा. दवाखान्यात गुदद्वाराची बोटाने तपासणी करताना हातमोज्याला लागलेलं शौच तिथल्या तिथे ग्वायक कार्डावर पुसायचं आणि "निगेटिव्ह आहे, काळजी नको" म्हणायचं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा एका नमुन्याने कॅन्सर आणि मोठे पॉलिप मिळून १०० पैकी जेमतेम ५ पकडले. घरून आणलेल्या सहा नमुन्यांनी २४. त्या निगेटिव्हला काहीही अर्थ नाही.

पॉझिटिव्ह आल्यावर कोलोनोस्कोपी किती दिवसांत? अमेरिकेत सत्तर हजारांवर फिट पॉझिटिव्ह लोकांचा मागोवा घेतला तेव्हा दहा महिन्यांच्या पुढे गेलेल्यांत कॅन्सर, आणि तोही पुढच्या टप्प्यातला, जास्त निघाला. महिन्याभराने फरक पडत नाही, पण "दिवाळीनंतर बघू" म्हणणाऱ्यांचा वर्षभर उशीर सहज होतो. कोलोनोस्कोपी नीट झाली, आतडं स्वच्छ होतं आणि काही सापडलं नाही, तर पुढची काही वर्षं फिटची गरज राहत नाही. अशक्तपणा किंवा पोटाची तक्रार नसेल तर केवळ फिट पॉझिटिव्ह होती म्हणून जठराची एंडोस्कोपीही सहसा लागत नाही.

तर ५२ व्या वर्षी, काही त्रास नसताना, मी फिट सुचवेन: आकडा देणारी, दरवर्षी, २० च्या मर्यादेने. पण हे सगळं त्रास नसलेल्या माणसासाठी आहे. शौचातून डोळ्यांना दिसणारं रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया किंवा काही आठवड्यांपासून बदललेली शौचाची सवय यांतलं काहीही असेल तर घरी किट मागवू नका, डॉक्टरांना भेटा. त्यांनी फिट सांगितली तरी तिथे मर्यादा वेगळी असते. ब्रिटनमध्ये लक्षणं असलेल्यांसाठी ती १० धरतात, आणि निगेटिव्ह आली तरी लक्षणं टिकली तर तपास पुढे चालूच राहतो. आधी पॉलिप काढलेले असतील, आतड्याला वर्षानुवर्षं सूज येण्याचा आजार असेल, किंवा आईवडील वा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, विशेषतः साठीच्या आत, तर तुमच्यासाठी थेट कोलोनोस्कोपी, आणि तीही बहुधा ५२ च्या बरीच आधी व्हायला हवी होती. प्रश्नात घरच्या इतिहासाचा उल्लेख नाही. तसं काही असेल तर कळवा, उत्तर बदलेल.